सेंद्रिय शेती आणि रायपूरचा भातबियाण्यांचा ठेवा

सेंद्रिय आणि शाश्वत शेतीवरील शनिवार-रविवारची संमेलने आता देशाच्या अनेक भागांत भरतात. दोन दिवस खते, कीडनियंत्रण, प्रमाणपत्र आणि बाजारभाव यांवर चर्चा होते. सभागृहाबाहेर देशी बियाण्यांची मांडणी असते. पाहुणे निरनिराळ्या रंगांच्या लोंब्या हातात घेतात, नावे विचारतात आणि पुढील सत्रासाठी आत जातात. छत्तीसगढची राजधानी रायपूर येथे मात्र बियाण्याचा विषय असा सभागृहाबाहेर ठेवता येत नाही. भाताच्या देशी वाणांचा देशातील एक मोठा संग्रह याच शहरात आहे. तो कसा जमला, त्यावर कोणाचा अधिकार आहे आणि शेतकऱ्याच्या बांधापर्यंत तो पुन्हा कसा पोहोचेल, हे प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत येथे वारंवार उपस्थित झाले आहेत. सेंद्रिय शेतीच्या यशापयशाचा बराचसा उलगडा या प्रश्नांत आहे.

रिछारिया यांचे कार्य

या संग्रहाचे श्रेय प्रामुख्याने डॉ. राधेलाल हेरेलाल रिछारिया (१९०९-१९९६) यांच्याकडे जाते. केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले रिछारिया १९५९ मध्ये कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. १९६० च्या दशकात अन्नटंचाईवर उपाय म्हणून बुटक्या आणि खताला भरघोस प्रतिसाद देणाऱ्या परदेशी भातवाणांचा पुरस्कार सुरू झाला. या वाणांबरोबर नवे रोग व किडी देशात येतील आणि देशी वाणांचा पुरेसा अभ्यास न करताच ते मागे पडतील, असा आक्षेप रिछारिया यांनी घेतला. १९६६ मध्ये त्यांना संचालकपद सोडावे लागले.

त्यानंतर १९७१ च्या सुमारास तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने त्यांच्याकडे भात संशोधनाची जबाबदारी सोपवली आणि रायपूर येथे मध्य प्रदेश भात संशोधन संस्था उभी राहिली. साधने तुटपुंजी होती. रिछारिया आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी छत्तीसगढ व बस्तरचा मुलूख गावोगाव पालथा घातला आणि शेतकऱ्यांकडून मूठ-मूठ बियाणे जमवले. केवळ बियाणे गोळा करून ते थांबले नाहीत. वाण कोणत्या जमिनीत येतो, किती दिवसांत पिकतो, दाणा कसा आहे, गावकरी त्याचा उपयोग कशासाठी करतात, याच्या नोंदी त्यांनी केल्या. काही वर्षांतच संग्रहातील नमुन्यांची संख्या सुमारे १९ हजारांवर गेली.

या नोंदींतून एक महत्त्वाची बाब समोर आली. देशी वाण म्हणजे कमी उत्पन्नाचा वाण, अशी समजूत तेव्हा रूढ होती. रिछारिया यांच्या पाहणीनुसार देशी वाणांपैकी सुमारे ८ टक्के वाण हेक्टरी ३,७०५ किलोंहून अधिक धान देणारे होते, म्हणजेच अधिक उत्पादनाच्या वर्गात बसणारे होते. हे उत्पन्न शेतकऱ्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, रासायनिक खतांच्या मोठ्या मात्रांशिवाय मिळत होते.

१९७८ मध्ये ही संस्था बंद करण्यात आली आणि संग्रह जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाच्या रायपूर येथील शाखेकडे गेला. जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या संशोधन प्रकल्पासाठी संस्थेचे स्वतंत्र अस्तित्व संपवण्यात आले, असा आरोप गोव्यातील लेखक व पर्यावरण कार्यकर्ते क्लॉड अल्वारिस यांनी मार्च १९८६ मध्ये 'द इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया' या साप्ताहिकातील आपल्या गाजलेल्या लेखात केला. अल्वारिस यांनी पुढे भारतीय सेंद्रिय शेती संघटनेच्या उभारणीत प्रमुख भाग घेतला. देशातील सेंद्रिय शेतीची चळवळ आणि रायपूरचा हा संग्रह यांचे नाते असे जुने आहे.

उंच धान, बुटके धान आणि खताचे गणित

बियाण्याचा सेंद्रिय शेतीशी इतका निकटचा संबंध का, हे समजण्यासाठी भाताच्या रोपाची रचना लक्षात घ्यावी लागते. बहुतेक पारंपरिक वाण उंच वाढतात. अशा रोपाला नत्राची मोठी मात्रा दिली तर ते अधिकच उंच होते आणि लोंबीच्या भाराने आडवे पडते. त्यामुळे खत वाढवूनही उत्पन्न वाढत नाही. बुटक्या वाणांचा दांडा आखूड व मजबूत असतो. खताचा लाभ ते न पडता दाण्याकडे वळवतात. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये प्रसारित केलेल्या 'आयआर ८' या वाणाची किमया हीच होती. या वाणांनी देशाच्या धान्य कोठारात मोलाची भर घातली, हे नाकारता येणार नाही. मात्र त्यांचे उत्पन्न भरपूर खत आणि खात्रीचे पाणी यांवर अवलंबून आहे.

हे वाण पेरून रासायनिक खत बंद केले तर काय होते, याचा हिशेब साधा आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोंच्या एका गोणीतून सुमारे २१ किलो नत्र मिळते. चांगल्या शेणखतात नत्राचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असते. म्हणजे एका गोणीइतके नत्र देण्यासाठी चार टनांहून अधिक शेणखत लागते, आणि त्यातीलही काही भागच पहिल्या हंगामात पिकाला मिळतो. गांडूळखतात नत्र दीड टक्क्याच्या आसपास असते. तरीही सुमारे १,४०० किलो खत लागते. ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यात एक-दोनच जनावरे आहेत, त्याने एवढे खत आणावे कोठून? शेणखत जमिनीचा पोत सुधारते, ओलावा धरून ठेवते आणि सूक्ष्म अन्नद्रव्येही देते, हे खरे आहे. परंतु अधिक नत्रावर पोसल्या जाणाऱ्या बियाण्याची भूक केवळ त्यावर भागवणे लहान शेतकऱ्याला अवघड जाते.

शेजारच्या श्रीलंकेने याचा कटू अनुभव घेतला. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तेथील शासनाने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. त्या देशातील जवळजवळ सर्व भातक्षेत्र सुधारित वाणांखाली होते. सेंद्रिय खत पुरेसे उपलब्ध नव्हते. भाताचे उत्पन्न घसरले आणि नोव्हेंबर २०२१ पर्यंत बंदी मागे घ्यावी लागली. घाई हे अपयशाचे मोठे कारण होते. खत बदलले आणि बियाणे तेच राहिले, हेही त्याचे एक कारण होते.

जमिनीनुसार वाण

छत्तीसगढचा शेतकरी आपल्या जमिनीला चार प्रमुख नावांनी ओळखतो. उंचावरची मुरमाड जमीन ती भाठा. पिवळसर, हलकी ती मटासी. मध्यम पोताची डोरसा आणि काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी कन्हार. मटासीवर ओल लवकर संपते, म्हणून तेथे लवकर पिकणारे धान. कन्हारात पाणी दीर्घकाळ टिकते, म्हणून तेथे उशिरा पिकणारे. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या वाचकांना हलके, मध्यम आणि भारी धान ही विभागणी परिचित आहे. तिच्या मागील तर्क हाच. एकाच कुटुंबाच्या चार बांध्यांत चार वाण असले की पावसाने एखाद्या वेळी दगा दिला तरी सगळे पीक एकदम जात नाही.

लागवडीची पद्धतही बियाण्याशी निगडित असते. छत्तीसगढात 'बियासी' ही जुनी पद्धत आहे. पावसाच्या आरंभी बी फेकून पेरतात आणि महिनाभराने, बांधीत पाणी साचले की उभ्या पिकातून नांगर फिरवतात. त्यामुळे तण दबते, दाट रोपे विरळ होतात आणि जमीन भुसभुशीत होते. या फेकीव पेरणीतील मोठी अडचण म्हणजे 'करगा', अर्थात रानटी धान. बालवयात करगा आणि भात यांची रोपे सारखीच दिसतात, त्यामुळे निंदणी करणाऱ्याला ओळख पटत नाही. यावर रायपूरच्या शास्त्रज्ञांनी जांभळ्या पानांचा 'श्यामला' हा वाण दिला. जांभळ्या पिकात हिरवा करगा लगेच डोळ्यांत भरतो आणि उपटता येतो. तणनाशकाचे काम येथे पानाच्या रंगाने केले.

भात कापणीपूर्वी ओलसर बांधीत लाखोळी, जवस किंवा हरभरा फेकण्याची 'उतेरा' पद्धतही अशीच आहे. नांगरट न करता, पाणी न देता दुसरे पीक मिळते आणि कडधान्याच्या मुळांवरील गाठी जमिनीत नत्र साठवतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली येथील धानाच्या बांध्यांतही लाखोळी अशीच घेतली जाते. मात्र त्यासाठी धान वेळेवर कापणीस यावे लागते. जमिनीत ओल शिल्लक असतानाच पिकणारा वाण हाताशी नसेल तर उतेरा साधत नाही.

२००२ चा वाद

२० जानेवारी १९८७ रोजी रायपूर येथे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि रिछारिया यांचा संग्रह या विद्यापीठाच्या ताब्यात आला. विद्यापीठाने त्यात भर घातली. आज तेथील भाताच्या नमुन्यांची संख्या २३ हजारांच्या घरात सांगितली जाते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले, तेव्हा नव्या राज्याच्या वाट्याला आलेला हा मोठा वारसा होता.

दोनच वर्षांनी तो वादाच्या भोवऱ्यात सापडला. स्वित्झर्लंडमधील सिंजेंटा या बियाणे व कृषिरसायन कंपनीबरोबर विद्यापीठ संशोधन सहकार्याचा करार करणार असल्याचे वृत्त २००२ च्या अखेरीस बाहेर आले. कंपनीला संग्रहातील जननद्रव्य संकरित वाणांच्या विकासासाठी मिळणार होते आणि विद्यापीठाला आर्थिक मोबदला. शेतकरी संघटना, सामाजिक कार्यकर्ते आणि विविध पक्षांचे लोक रस्त्यावर उतरले. हे बियाणे शेतकऱ्यांनी विश्वासाने दिले होते, त्याचा व्यवहार त्यांना न विचारता कसा होऊ शकतो, हा त्यांचा सवाल होता. डिसेंबर २००२ मध्ये कंपनीने या प्रस्तावातून माघार घेतली.

विद्यापीठाची बाजूही समजून घेतली पाहिजे. हजारो नमुने जिवंत ठेवणे, ठरावीक काळाने पेरून त्यांचे बी नवे करणे आणि प्रत्येकाचे गुणधर्म तपासणे हे खर्चाचे काम आहे. त्यासाठी पैसा हवा असतो. तो शासनाने पुरवायचा की खासगी कंपनीने, आणि कंपनीने पुरवला तर कोणत्या अटींवर, हा खरा मुद्दा होता.

याच सुमारास देशात दोन कायदे झाले. पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा, तर जैवविविधता कायदा २००२ चा. पहिल्या कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचा अधिकार आहे. नोंदणीकृत वाणाचे बियाणे व्यापारी नावाचे वेष्टन लावून त्याला विकता येत नाही, एवढीच मर्यादा आहे. शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांची त्यांच्या नावे नोंदणी करण्याची तरतूदही त्यात आहे. दुसऱ्या कायद्याने परदेशी कंपन्यांना जैविक संसाधने देण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता आवश्यक ठरवली.

शीतगृह आणि शेत

संग्रहाचे मोल किती असू शकते, याचे एक उदाहरण जगभर दिले जाते. १९७० च्या सुमारास आशियातील भातावर 'ग्रासी स्टंट' या विषाणूजन्य रोगाचा प्रादुर्भाव झाला. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ६,२७३ नमुने तपासले. प्रतिकारशक्ती आढळली ती उत्तर प्रदेशातून १९६३ मध्ये गोळा केलेल्या 'ओरायझा निवारा' या रानटी धानाच्या एका नमुन्यात. तो जपलेला नसता तर लक्षावधी हेक्टरांवरील पीक धोक्यात आले असते.

शीतगृहातील बियाण्याला मात्र एक मर्यादा असते. ते ज्या दिवशी साठवले, त्या दिवसाच्या हवामानाशी आणि किडींशी जुळलेले असते. बाहेर पाऊस बदलतो, किडी बदलतात. शेतात दरवर्षी पेरले जाणारे बियाणे या बदलांतून जाते आणि शेतकरी त्यातून निवड करत राहतो. म्हणूनच रिछारिया यांनी ठिकठिकाणी, त्या त्या परिसरातील शेतकऱ्यांच्या सहभागाने चालणाऱ्या लहान भातकेंद्रांची कल्पना मांडली होती. संग्रह एका इमारतीत राहावा आणि त्याच वेळी शेकडो गावांत पेरलाही जावा, असा त्यांचा आग्रह होता.

शेतकऱ्याची निवड काय करू शकते, हे मराठी वाचकांना दूर जाऊन शोधण्याची आवश्यकता नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्याकडे जेमतेम दीड एकर जमीन होती. १९८३ मध्ये 'पटेल ३' या वाणाच्या पिकात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते बी वेगळे राखले, वाढवले आणि त्यातून 'एचएमटी' हा बारीक दाण्याचा लोकप्रिय वाण आला. हे नाव त्या काळातील प्रसिद्ध घड्याळावरून पडले. 'पटेल ३' हा मुळात जबलपूरच्या कृषी विद्यापीठातील वाण. तो विदर्भात आला, एका अल्पभूधारकाच्या नजरेतून नवे रूप घेऊन निघाला आणि छत्तीसगढच्या बांध्यांत एचएमटी म्हणून पोहोचला. खोब्रागडे यांना पुरस्कार मिळाले, तरी आर्थिक विवंचनेने त्यांची पाठ सोडली नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. बियाणे राखणाऱ्याला त्या बियाण्याच्या यशात वाटा कसा मिळावा, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याने मागे ठेवला आहे.

भावाचे गणित

देशी वाण एवढे गुणी असतील तर शेतकरी ते सर्रास का पेरत नाहीत? याचे उत्तर धान खरेदी केंद्रावर मिळते. छत्तीसगढात २०२३-२४ च्या हंगामापासून राज्य शासनाने एकरी २१ क्विंटलपर्यंत धान क्विंटलला ३,१०० रुपये दराने घेण्याचे धोरण स्वीकारले. मर्यादेइतके धान पिकवणाऱ्याला एकरी ६५,१०० रुपये मिळतात. एखाद्या सुगंधी देशी वाणाने एकरी १० क्विंटल उत्पन्न दिले, तर तेवढीच रक्कम मिळण्यासाठी त्याला क्विंटलला ६,५१० रुपये भाव हवा. सरकारी केंद्रावर वजन पाहिले जाते. सुगंध, चव किंवा रसायनमुक्तता यांचे वेगळे मोल तेथे होत नाही. २०२४-२५ च्या हंगामात राज्यात सुमारे १४९ लाख टन धानाची विक्रमी खरेदी झाली. शेतकऱ्याला मोठा आधार देणारी ही व्यवस्था अधिक वजन देणाऱ्या वाणांकडेच त्याला वळवते, ही त्यातील अडचण आहे.

यातून मार्ग काढण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. सरगुजा भागातील 'जीराफूल' तांदळाला २०१९ मध्ये, तर धमतरी जिल्ह्यातील 'नगरी दुबराज' तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नगरी दुबराजसाठी महिलांच्या बचत गटाने पुढाकार घेतला होता. दुसरीकडे, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रायपूरच्या विद्यापीठाबरोबर मूळ दुबराजमध्ये उत्परिवर्तन घडवून 'ट्रॉम्बे छत्तीसगढ दुबराज म्युटंट १' हा वाण विकसित केला. मूळ दुबराज उंच असल्याने आडवा पडतो आणि पिकायलाही दीर्घकाळ घेतो. नव्या वाणात उंची आणि कालावधी दोन्ही कमी झाले. दुबराजचे मूळ रूप जपावे की सुधारलेले पेरावे, यावर मतभेद आहेत. परंतु दोन्ही मार्गांचा आरंभ जपून ठेवलेल्या बियाण्यापासूनच होतो.

योजनांतील उणीव

शासकीय योजनांचा भर आतापर्यंत खतावर राहिला आहे. छत्तीसगढ शासनाने २० जुलै २०२० रोजी, हरेली सणाच्या दिवशी, गोधन न्याय योजना सुरू केली. २ रुपये किलो दराने शेण विकत घेऊन गावच्या गोठाणांत बचत गटांच्या महिलांकडून गांडूळखत तयार करण्याची ही कल्पना देशभर चर्चिली गेली. खताच्या दर्जाविषयी आणि ते शेतकऱ्यांच्या माथी मारले जात असल्याविषयी तक्रारीही झाल्या. डिसेंबर २०२३ मधील सत्तांतरानंतर ही योजना थांबली. केंद्र शासनाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात २,४८१ कोटी रुपयांची तरतूद असून १ कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी १० हजार जैविक निविष्ठा केंद्रे उभारण्याची योजना आहे.

प्रमाणीकरणाचे नियमही बियाण्याबाबत त्रोटक आहेत. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार सेंद्रिय बियाणे उपलब्ध नसेल तर रासायनिक प्रक्रिया न केलेले साधे बियाणे चालते. जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नाही. मात्र ते बियाणे कमी खतावर तग धरेल का, त्या जमिनीला आणि त्या पावसाला मानवेल का, हे प्रमाणपत्र सांगत नाही. ती माहिती रिछारिया यांच्या नोंदींत आणि गावातील वृद्धांच्या स्मरणात आहे.

छत्तीसगढात अक्षय्य तृतीयेला 'अक्ती' म्हणतात. त्या दिवशी अनेक गावांत घरोघरचे धान पळसाच्या द्रोणांतून ठाकूरदेवाच्या ठाण्यापाशी नेले जाते, विधी होतो आणि त्यातील बी शेतकरी परत नेऊन नव्या हंगामाचा आरंभ करतात. बियाणे एकत्र यावे आणि पुन्हा वाटले जावे, ही रीत या प्रदेशाला नवी नाही. विद्यापीठातील संग्रह आणि गावची बांधी यांच्यात अशीच नियमित देवाणघेवाण कायद्याच्या चौकटीत, शेतकऱ्याचा वाटा निश्चित करून सुरू झाली, तर सेंद्रिय शेतीला तिच्या गरजेचे बियाणे मिळू शकेल. सेंद्रिय शेतीच्या पुढील संमेलनाला जाणाऱ्यांनी सभागृहाबाहेरील बियाण्यांच्या मांडणीपाशी थोडे अधिक थांबावे आणि प्रत्येक लोंबीबद्दल एवढे विचारावे: हा वाण कोणत्या जमिनीतला, किती खतावर येतो आणि त्याचे बी पेरायला कोठे मिळेल?